दाढीच्या ओळीत उगवणाऱ्या चपट्या चामखिळी

वाचकाचं पत्र: वय ३१. पाच महिन्यांपूर्वी उजव्या गालावर पाच-सहा बारीक दाणे आले. मुरूम समजून दुर्लक्ष केलं. आता गाल, हनुवटी आणि गळ्याचा वरचा भाग मिळून चाळीसेक झालेत, काही ठिकाणी तर ओळीनं आलेत. नोकरीमुळे रोज गुळगुळीत दाढी करावी लागते. त्वचारोगतज्ज्ञांनी 'चपट्या चामखिळी' असं निदान करून रात्री लावायला ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम दिलं. तीन रात्री लावलं, गाल लाल होऊन जळजळला, म्हणून सोडलं. मग घरातलं कुरूपाचं औषध दोन दाण्यांवर लावून पाहिलं. तिथली साल निघाली आणि काळे डाग पडले. आता वाटतं, सगळ्या एकाच दिवशी जाळून मोकळं व्हावं. तसं करू का? हा विषाणू कर्करोगाचा असतो असं कुठेतरी वाचलं, ते खरं का? आणि माझी चार वर्षांची मुलगी सारखी गालाला गाल लावते. तिला होईल का?

उत्तर:

जाळण्याचा बेत सध्या बाजूला ठेवा. चपटी चामखीळ आपली आपण गेली तर मागे काहीही ठेवत नाही, ना डाग ना खड्डा. खुणा राहतात त्या उपचारांच्या, आणि त्यातल्या दोन तुमच्या गालावर आधीच आहेत. चाळीस ठिकाणी जाळून घेतल्यावर त्यातल्या दहा-बारा ठिकाणी जरी डाग राहिला, तरी तो चामखिळीपेक्षा जास्त दिसेल आणि जास्त दिवस टिकेल. दुसरं म्हणजे तुमच्याकडे चाळीस दिसतात, पण त्वचेत रुजलेल्या आणि अजून वर न आलेल्या किती आहेत ते कुणालाच दिसत नाही. आज दिसणाऱ्या जाळल्या की महिन्याभरानं त्यांच्या शेजारी नव्या डोकावतात, आणि माणूस म्हणतो, 'मुळापासून काढल्या नाहीत.' चामखिळीला मूळ नसतंच. ती आणणारा विषाणू त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात, म्हणजे एपिडर्मिसमध्येच राहतो, खालच्या थरात उतरत नाही आणि रक्तात जात नाही. म्हणून खोल जाळण्यानं फायदा वाढत नाही, व्रण मात्र वाढतो.

ओळीनं आलेत हे तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण तुमच्या दुखण्याची किल्ली तिथेच आहे. ब्लेड गालावरून खाली येताना चामखिळीचं टोक खरवडतं. त्या खरवडलेल्या पेशींमध्ये विषाणू असतो. तेच ब्लेड पुढच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये डोळ्यांना न दिसणारे शेकडो ओरखडे काढत जातं आणि त्या ओरखड्यांत विषाणू टाकत जातं. रोज सकाळी नांगरणी आणि पेरणी एकाच फेरीत. आज पेरलेलं उगवायला साधारण एक ते सहा महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे पाच-सहाचे चाळीस होईपर्यंत रेझरवर कुणाचा संशय जात नाही. नखानं खाजवल्यावरही अशीच ओळ येते, पण दाढी करणाऱ्या माणसाच्या गालावर पहिला आरोपी रेझरच.

म्हणून औषधाच्याही आधी दाढीचं बघू.

शक्य असेल तर पुढचे किमान तीन महिने त्वचेला ब्लेड लावू नका. ट्रिमर वापरा, आणि त्याला १ ते ३ मिलिमीटरचा गार्ड लावूनच. गार्ड काढून उघडं पातं गालावर दाबलं तर ते ब्लेडसारखंच खरवडतं. 'मी तर ट्रिमर वापरतो' म्हणणाऱ्यांच्या चामखिळी वाढत राहतात त्या यामुळे. नोकरीच्या ठिकाणी गुळगुळीत दाढीचा नियम असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडून तीन महिन्यांची चिठ्ठी घ्या. हे वैद्यकीय कारण आहे, मागायला संकोच करू नका. तेही जमत नसेल तर एकदाच वापरून टाकायचं रेझर घ्या. आधी निरोगी भाग, शेवटी चामखिळींचा भाग. केसांच्या दिशेनं, भरपूर फेस लावून, एका जागी एकच फेरी. त्वचा ताणून उलटी दुसरी फेरी मारायची नाही. तिनंच गुळगुळीतपणा येतो हे खरं, पण सगळ्यात जास्त ओरखडेही तिनंच पडतात. काम झालं की रेझर कचऱ्यात.

ट्रिमरचं डोकं प्रत्येक वेळी काढून आधी अडकलेले केस ब्रशनं झाडा, मग (धुता येण्याजोगं असेल तर) साबण-पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका. या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलला तो फारसा जुमानत नाही. ट्रिमर, रेझर आणि तोंड पुसायचा टॉवेल फक्त तुमचा. याच यादीत स्क्रब, खरखरीत घासणी, चेहऱ्याचा ब्रश, थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि डर्मारोलर येतात. डर्मारोलर तर मुद्दाम सुयांनी भोकं पाडणारी वस्तू. चपट्या चामखिळींवर तो फिरवणं म्हणजे संकट बोलावून घेणं.

आता निदानाबद्दल थोडं. तुमचं निदान तज्ज्ञांनी केलंय, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नाही. पण नवा दाणा उगवला की तो कशाचा हे तुम्हाला ओळखता यावं. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च गालाला जवळपास समांतर धरा आणि आरशात बघा. समोरून प्रकाश टाकला तर चपटी चामखीळ दिसतच नाही. बाजूनं टाकला की तिची बारीक सावली पडते. वरचा भाग सपाट, गुळगुळीत, जणू त्वचेवर कागदाची लहानशी टिकली चिकटवली आहे. आकार १ ते ५ मिलिमीटर. रंग त्वचेचाच, किंवा किंचित गुलाबी, किंवा फिकट तपकिरी. दुखत नाही, दाबल्यावर काही बाहेर येत नाही. मधोमध खळगी असलेला मोत्यासारखा दाणा मोलस्कम या दुसऱ्या विषाणूचा असतो. पांढरा, कडक, रव्याच्या कणासारखा दाणा म्हणजे मिलिया. बंद तोंडाचे मुरूम त्वचा ताणल्यावर आतून पांढरट दिसतात, आणि त्यांच्याबरोबर एखादी पिकलेली पुळी, एखादं काळं तोंड असं मिश्र पीक असतं. डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना सारखे, वर्षानुवर्षं तेवढेच राहिलेले दाणे घामाच्या नलिकांचे असतात. गालफडांवरचे काळे उंचवटे आईलाही असतील आणि हळूहळू वाढत असतील तर तेही वेगळं प्रकरण. जांभळट, चकचकीत, खूप खाजणारे चपटे दाणे आणि गालाच्या आत पांढरी जाळी दिसली तर लायकेन प्लेनस या वेगळ्या त्वचारोगाचा विचार करावा लागतो, त्यासाठी डॉक्टरांकडेच जा. तज्ज्ञ डर्मोस्कोपमधून (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून) बघतात तेव्हा चपट्या चामखिळीत फिकट तपकिरी पार्श्वभूमीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागतं, तुकडा काढून तपासायची गरज पडत नाही.

तुम्हाला दिलेलं क्रीम बरोबर होतं. ट्रेटिनॉइन मुळात मुरमांचं औषध, पण चपट्या चामखिळींसाठी त्वचारोगतज्ज्ञ ते बऱ्याच वर्षांपासून वापरतात. त्वचेच्या वरच्या थराची वाढ आणि गळती ते बदलतं, पेशी लवकर सुटून पडतात आणि त्यांच्याबरोबर विषाणूचं घरही. हलकी सूजही येते, जी शरीराच्या प्रतिकारशक्तीचं लक्ष तिकडे वेधते. बिघडलं ते लावण्याच्या पद्धतीत. तीन रात्रींत गाल लाल होण्याची कारणं ठरलेली असतात: पहिल्या दिवसापासून रोज लावणं, ओल्या त्वचेवर लावणं, जास्त लावणं, आणि त्याच गालावर सकाळी ब्लेड फिरवणं. तुमच्या बाबतीत शेवटचं तर नक्कीच होतं.

पुन्हा सुरू करताना असं करा. दोन काळे डाग आहेत तिथली त्वचा आधी पूर्ण भरू द्या. ओलसर, सोललेली किंवा खपली असलेली जागा असेल तर ती बरी होईपर्यंत तिथे फक्त साधं व्हॅसलिन. मग:

रात्री सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, टिपून कोरडं करा आणि २० ते ३० मिनिटं थांबा. ओलसर त्वचा औषध जास्त शोषते, आणि जळजळ तिथूनच सुरू होते. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या. औषध घरंगळत जाऊन साचतं ते याच घड्यांत. मटाराच्या दाण्याएवढं क्रीम बोटावर घ्या. दोन्ही गाल, हनुवटी आणि गळ्याचा वरचा भाग यांना तेवढं पुरतं. चार-पाच ठिकाणी ठिपके लावून मग पसरवा. फक्त चामखिळीच्या टोकावर टिपत बसू नका, पूर्ण बाधित भागावर पातळ थर हवा, कारण न दिसणाऱ्या चामखिळीही त्याच भागात आहेत. दहा मिनिटांनी वरून सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर. त्वचा फार नाजूक असेल तर औषधाच्या आधीही मॉइश्चरायझरचा एक हात द्या. परिणाम थोडा मंदावतो, पण औषध सोडून देण्यापेक्षा ते बरं.

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री. पुढचे दोन आठवडे एक रात्र आड. त्वचा सोसते आहे असं दिसलं तर पाचव्या आठवड्यापासून रोज. थोडी लाली, कोरडेपणा, बारीक कोंड्यासारखी साल, एवढं चालतं. तोंड धुतानाही झोंबायला लागलं, साल पापुद्र्यासारखी निघू लागली किंवा सूज आली तर तीन-चार रात्री थांबा, फक्त मॉइश्चरायझर लावा आणि आधीच्या पायरीवरून सुरू करा. मागे जाणं म्हणजे हार नव्हे, आठवड्यातून तीन रात्री नियमानं लावणारा माणूस रोज लावून सोडणाऱ्याच्या पुढे असतो.

ट्रेटिनॉइन उजेडात निकामी होतं, म्हणून रात्री. बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरमांच्या औषधाबरोबर एकाच वेळी लावलं तरीही निकामी होतं. सकाळी सनस्क्रीन लागेलच, एसपीएफ ३० किंवा अधिक. चेहरा आणि गळ्यासाठी तर्जनी आणि मधलं बोट या दोन्हींच्या लांबीभर पट्टी काढा, एवढं माप. उन्हात राहायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. सनस्क्रीन नसेल तर सोललेल्या गालावर काळे डाग येतात, आणि दोष औषधाला जातो.

ट्रेटिनॉइन कितीही हळू वाढवलं तरी सोसत नसेल तर ॲडापलिन ०.१ टक्के जेल विचारा. ते तुलनेनं सौम्य आहे आणि उजेडात टिकतं. पद्धत तीच. हे उत्तर वाचणाऱ्या स्त्री वाचकांसाठी: गरोदरपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना ही दोन्ही औषधं लावू नयेत.

एक मोठी गफलत इथे होते. दुकानात ट्रेटिनॉइन मागताना हातात 'गोरेपणाचं' किंवा 'डागांचं' मिश्र क्रीम येतं. त्यात ट्रेटिनॉइन असतं, रंग फिकट करणारं हायड्रोक्विनोन असतं आणि बरोबर स्टेरॉइडही असतं. त्यानं जळजळ होत नाही, गाल नितळ वाटतो, माणूस खूश. पण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, आणि चामखिळींना नेमकं तेच हवं असतं. काही आठवड्यांत त्या भराभर पसरतात. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं एकही नाव दिसलं तर ती ट्यूब तुमच्यासाठी नाही.

आता कुरूपाच्या औषधाचं. त्या बाटलीत बहुतेक वेळा १७ टक्क्यांच्या आसपास सॅलिसिलिक ॲसिड असतं, सोबत लॅक्टिक ॲसिड. तळपायाची जाड, कडक त्वचा विरघळवण्यासाठी ते बनवलेलं आहे. गालाची त्वचा त्या मानानं कागद. शिवाय द्रव पसरतो: दोन मिलिमीटरच्या दाण्यावर टाकलेला थेंब भोवतीची पाच मिलिमीटर त्वचा जाळतो, म्हणूनच तुमचा डाग मूळ दाण्यापेक्षा मोठा आहे. चेहऱ्यावर ते पुन्हा लावू नका. डागांचं फार मनाला लावून घेऊ नका. दाहानंतरचा असा काळेपणा ऊन टाळलं आणि खरवडलं नाही तर काही महिन्यांत फिकट होतो, कधी वर्षही घेतो. जागा भरल्यावर लावलेलं ट्रेटिनॉइन त्या डागालाही मदतच करतं. लसूण, व्हिनेगर आणि जाळणारी इतर घरगुती मिश्रणं याच माळेतली. ती चामखीळ ओळखून जाळत नाहीत, सरसकट जाळतात.

औषध चालतंय की नाही हे आरशात रोज बघून कळणार नाही, उलट रोज बघण्यानं हात खरवडायला जातो. दर दोन आठवड्यांनी एक फोटो काढा: तीच खोली, तीच वेळ, टॉर्च त्याच बाजूनं, गालाजवळ एक लहान पट्टी धरून. मग दाणे मोजून लिहून ठेवा. पहिले सहा-आठ आठवडे नवे दाणे दिसले तर खचू नका. ते तीन महिन्यांपूर्वीच्या दाढीचं पीक आहे, औषधाचं अपयश नाही. खरा हिशोब १२ आठवड्यांनी करायचा. संख्या निम्म्यावर आली असेल तर तेच पुढे चालू ठेवा. जवळपास तेवढीच असेल तर डॉक्टरांकडे पुढच्या पायरीचं बोला.

एखाद्या दिवशी अचानक सगळ्या चामखिळी एकदम लाल होतील, खाजतील, थोड्या फुगतील. असं झालं तर घाबरून स्टेरॉइड लावू नका. बऱ्याचदा ही प्रतिकारशक्तीला शेवटी विषाणूचा पत्ता लागल्याची खूण असते, आणि त्यानंतर काही आठवड्यांत सगळ्या एकाच वेळी विरून जातात. त्या दिवसांत ट्रेटिनॉइन थांबवा, मॉइश्चरायझर लावा, आणि फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. लाली औषधाची असेल तर ती सरसकट गालभर असते. ही मात्र प्रत्येक दाण्याभोवती दिसते, ज्याला औषध कधी लागलंच नाही त्या दाण्याभोवतीही.

काहीच न करता थांबणं हाही एक मार्ग आहे. लहान मुलांत चामखिळींपैकी साधारण दोन तृतीयांश दोन वर्षांत आपल्या आपण जातात. मोठ्यांत जास्त वेळ लागू शकतो. दाणे थोडे असते, दिसत नसते आणि दाढीचा प्रश्न नसता तर तुम्हालाही हेच सांगितलं असतं.

पुढच्या पायऱ्या थोडक्यात सांगतो, कारण त्या डॉक्टरांच्या देखरेखीतच घ्यायच्या आहेत. इमिक्विमॉड ५ टक्के क्रीम विषाणूला मारत नाही, त्या जागेची प्रतिकारशक्ती चाळवतं. सहसा आठवड्यातून तीन रात्री लावून सहा ते दहा तासांनी धुतात. गाल लाल होणं, खपल्या धरणं अपेक्षितच असतं. काहींना अंगदुखी आणि कणकणही येते. ५-फ्लुरोयुरॅसिल क्रीम परिणामकारक आहे, पण त्याची आग आणि मागे राहणारा रंगबदल यामुळे चेहऱ्यावर जपून, आणि गरोदरपणात अजिबात नाही. एखाद्या चामखिळीत गोवर-गालगुंड-रुबेला लसीचं किंवा कॅन्डिडा प्रतिजनाचं (प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या बुरशीच्या अंशाचं) इंजेक्शन देतात. एका ठिकाणी जाग आणली की लांबच्या चामखिळीही जाऊ शकतात, आणि चाळीस दाणे असलेल्या माणसासाठी ही कल्पना मोहात पाडणारी आहे. पण सगळ्यांत ते जमतंच असं नाही. हट्टी दुखण्यात आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या कमी मात्रेत देतात, त्याआधी आणि मध्ये यकृत व चरबीच्या रक्ततपासण्या कराव्या लागतात. झिंकच्या गोळ्यांबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, आणि मोठ्या मात्रेत मळमळ जवळजवळ ठरलेली. स्वतःहून घेऊ नका.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, जाळण्याचा. कॉटरी (विजेच्या उष्णतेनं जाळणं), रेडिओफ्रीक्वेन्सी, लेझर किंवा गोठवणं, यातलं काहीही १२ आठवड्यांच्या औषधानंतर उरलेल्या दहा-बारा दाण्यांसाठी ठेवा. औषधानं आजूबाजूचं पीक आधीच कमी केलेलं असेल, त्यामुळे नव्या उगवण्याची शक्यताही कमी. तेव्हाही आधी जबड्याखालच्या, कमी दिसणाऱ्या तीन-चार दाण्यांवर चाचणी करून घ्या आणि सहा ते आठ आठवडे थांबून डाग पडतो का ते बघा. तुमच्या त्वचेचा कल त्यातूनच कळतो, आणि तुमच्या बाबतीत तर कुरूपाच्या औषधानं आधीच इशारा दिलाय की ती काळी पडणारी आहे.

कॉटरीत बधिर करणारं क्रीम (लिडोकेन आणि प्रिलोकेन, प्रत्येकी २.५ टक्के) पातळ प्लॅस्टिकखाली साधारण तासभर ठेवतात. मग अगदी कमी शक्तीवर दाण्याचं टोक नुसतं पांढुरकं होईपर्यंत स्पर्श करतात आणि ओल्या गॉजनं पुसतात. गॉजबरोबर दाणा निघून येतो. तिथे थांबायचं. रक्ताचे ठिपके येईपर्यंत खाली गेलं तर खड्डा पडू शकतो. डॉक्टरांना सरळ विचारा: 'चेहऱ्यावर किती शक्ती ठेवता? आधी चाचणी कराल का? धूर ओढून घ्यायची सोय आहे का?' शेवटचा प्रश्न उगाच नाही. चामखीळ जाळताना उठणाऱ्या धुरात विषाणूचा डीएनए सापडलेला आहे, म्हणून मास्क आणि धूर ओढणारं यंत्र तुमच्या आणि त्यांच्या, दोघांच्याही भल्याचं.

द्रव नायट्रोजननं गोठवण्याचा धोका उलट्या बाजूचा. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी उणे ५ अंशांच्या आसपासच मरू लागतात, बाकीच्या पेशींना त्याहून बरीच खालची थंडी लागते. म्हणजे चामखीळ मरेपर्यंत गोठवलं की रंगाच्या पेशी त्याआधीच गेलेल्या असतात आणि पांढरा ठिपका राहतो. तो काळ्या डागापेक्षा भरायला अवघड. चपट्या दाण्याला काही सेकंदांचा हलका तुषार पुरतो, पायाच्या चामखिळीसारखं लांबवायचं नाही. गडद त्वचेच्या चेहऱ्यावर ही पहिली निवड असू नये, असं आमचं स्पष्ट मत.

कोणतीही प्रक्रिया झाली तरी जखमा भरेपर्यंत त्या भागावर ब्लेड आणि ट्रेटिनॉइन दोन्ही बंद. खपली आपली आपण पडू द्या. ताज्या जखमेच्या कडेलाच नवी चामखीळ रुजते.

सगळ्या गेल्या की औषध आणखी चार आठवडे चालू ठेवा. ब्लेडकडे लगेच धावू नका; दोन-तीन महिने एकही नवा दाणा आला नाही तरच पहिली गुळगुळीत दाढी, तीही नव्या रेझरनं. पुन्हा उगवण्याच्या तक्रारी ज्या येतात त्यातल्या पुष्कळशा 'गेल्या' म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी जुनंच रेझर हातात घेतल्यामुळे असतात.

डॉक्टरांकडे लवकर परत जायचं ते अशा वेळी: दाणे शंभराच्या पुढे गेले किंवा छाती-पाठीवर पसरले, पापणीच्या कडेवर आले, एखादा एकटाच वेगानं वाढतोय, रक्त येतंय किंवा काळा पडतोय. प्रत्यारोपणानंतरची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर ते पहिल्या भेटीतच सांगा. मोठ्या वयात अचानक खूप चामखिळी आल्या तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका.

कर्करोगाची भीती मात्र सोडून द्या. चामखिळी आणणाऱ्या मानवी पॅपिलोमा विषाणूचे (एचपीव्ही) २०० हून अधिक प्रकार आहेत. चपट्या चामखिळी मुख्यतः प्रकार ३ आणि १० मुळे येतात, कधी २८ मुळे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले १६ आणि १८ हे वेगळे. त्याच कारणानं एचपीव्हीची नऊ प्रकारांची लस तुमच्या गालासाठी बनलेली नाही, तिच्यात ३ आणि १० नाहीतच. बालपणापासून अंगभर चपट्या चामखिळी असणारा एक दुर्मीळ आनुवंशिक विकार आहे, त्यात उन्हाच्या भागांवर कर्करोगाचा धोका असतो. पाच महिन्यांपूर्वी सुरू झालेलं तुमचं दुखणं त्यात बसत नाही.

मुलीचं: होऊ शकतं, पण धडधाकट त्वचेला नुसता गाल लागला म्हणून लगेच होत नाही. विषाणूला आत शिरायला ओरखडा लागतो. आणि इथे एक पेच आहे. आम्हीच तुम्हाला दाढीचे खुंट ठेवायला सांगतोय, आणि खुंटांनी घासलेल्या मुलाच्या गालावर ओरखडे पडतात. तेव्हा पुढचे काही महिने गालाला गाल घासणं बंद. कपाळ पुढे करा, ते तुमचं स्वच्छ आहे. तिला उचलताना, झोपवताना काही हरकत नाही. टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवा, औषध लावल्यावर हात साबणानं धुऊन मगच तिला घ्या. हे विषाणूपेक्षा ट्रेटिनॉइनसाठी जास्त गरजेचं आहे, कारण तिच्या त्वचेला ते भाजेल. तिला इसब असेल किंवा गाल कोरडे पडून फुटत असतील तर रोज दोनदा मॉइश्चरायझर लावून ते भरलेले ठेवा. आणि तरीही तिच्या गालावर एखादा चपटा दाणा आलाच, तर तुमची ट्यूब तिला लावू नका. तिचा दाणा आधी बालत्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. चार वर्षांच्या मुलात बहुतेक वेळा ते नखं कापून ठेवायला आणि वाट बघायला सांगतात.